चौदा भोवरे

पुण्याच्या कॉम्प्युटरचं म्हणणं असं होतं, की सीना नदी नव्या पुलाच्या खांबाला चौदा ठिकाणी अडखळते आणि प्रत्येक ठिकाणी एक भोवरा करते.

"खांब गोल आहे," टेंबेसाहेब म्हणाले. "गोलाला पाणी अडखळतं कुठे? तुमच्या अकलेला?"

चनबसप्पा उभाच होता. सोलापूरच्या त्या पूल कचेरीत तो हंगामी आरेखक होता. त्याआधी नऊ वर्षं त्याने चादरींची नक्षी ग्राफपेपरवर काढली होती. त्याची नोकरीची ऑर्डर पुढच्या वर्षीच्या, म्हणजे पंचाहत्तरच्या जुलैअखेर संपत होती. नवी निघणार की नाही, हे टेंबेसाहेबांच्या हातात होतं, आणि तो हात ते सहसा खिशातून काढत नसत.

काम असं होतं. कागदावर नदी आणि खांब काढायचा, त्यावर चौकोनांची जाळी आखायची, प्रत्येक चौकोनाचे आकडे कार्डांना भोकं पाडून एसटीने पुण्याला पाठवायचे. पंधरा दिवसांनी उत्तर. जाळी साहेबांनी ठरवलेली: सगळे चौकोन सारखे, प्रत्येकाची बाजू एक फूट. परदेशात तीन महिने राहून आल्यामुळे त्यांना कोणाला काही विचारावं लागत नसे.

"साहेब, चौकोनांनी गोल काढला की कडेला पायऱ्या पडतात," चनबसप्पा म्हणाला. "पाणी त्या पायऱ्यांना अडखळतंय की. चादरीवर कोयरी काढताना आमी कडेला..."

"चादर! उद्या नदीला उशी द्याल."

उत्तराचा कागद टोपलीत गेला. संध्याकाळी चनबसप्पाने तो उचलला. मागची बाजू कोरी होती.

दर सोमवारी जोतीराम मिस्त्री कचेरीच्या बाकावर येऊन बसे. पाया भरून झाला होता, खांबाचा नकाशा तेवढा मिळत नव्हता. साइटवर चिखल असतो म्हणून साहेब तिकडे कधी गेले नव्हते. एका सोमवारी ते मिस्त्रीच्या तोंडाला कंटाळले. चनबसप्पा कार्डं घेऊन एसटी स्टँडवर गेला होता. साहेबांनी टेबलावरचा, पुण्यासाठी चौकोनांत बसवून काढलेला खांबाचा कागद उचलला, कोपऱ्यातलं आरेखकाचं नाव सवयीने ब्लेडने खरवडलं आणि शेजारी सही ठोकली. दुसऱ्याचं नाव असलेला कागद त्यांच्या टेबलावरून बाहेर पडत नसे.

जोतीरामने कागद उलटसुलट करून पाहिला. "साहेब, ह्याच्या शटरिंगच्या फळ्या लई कटकटीच्या हायत. न्हेमी आमी काय करतो..."

"नेहमी तुम्ही काय करता ते मला ऐकायचं नाही. कागदावर आहे तसं करायचं. एक इंच हललं तर पाडून पुन्हा बांधायला लावीन."

"व्हय, साहेब."

"आणि विचार करू नकोस. तुला सवय नाही."

मग साहेबांनी चौकोन बारीक केले. कार्डांच्या तीन ट्रंका भरल्या. पुण्याने त्या न उघडताच परत पाठवल्या. मग त्यांनी चौकोन ओढूनताणून गोलाच्या कडेला चिकटवले. ते चेपून काड्यांसारखे झाले आणि उत्तरात नदी उलटी फिरून करमाळ्याकडे निघाली. साहेबांनी पुण्याला कळवलं, की तुमचा कॉम्प्युटर दाखवून घ्या.

शेवटी चनबसप्पाने टोपलीतल्या त्या कागदाच्या पाठीवर स्वतःची जाळी काढली. खांबाभोवती एकात एक गोल कडी, जवळ दाट, लांब जाताना विरळ, प्रत्येक आडवी रेघ कडेला काटकोनात टेकलेली. तिची कार्डं त्याने गुपचूप साहेबांच्या गठ्ठ्यात घातली. उत्तर आलं. पाणी खांबाला वळसा घालून गुमान पुढे गेलं होतं. मागे शेपटीएवढी वळवळ, बस्स.

साहेबांनी त्या जाळीचा कागद मागून घेतला आणि ब्लेड काढलं. त्या जाळीवर त्यांचं पुण्यात व्याख्यान झालं.

"साहेब, माझ्या ऑर्डरचं?" चनबसप्पाने विचारलं.

"बघू. तुमच्यासारखे आरेखक मागावर ढिगाने मिळतात."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुख्य अभियंता पूल बघायला आले. नदीला चांगलं पाणी होतं. जीपमध्ये मागे, नकाशांची पिशवी मांडीवर घेऊन, चनबसप्पा बसला होता.

"सर, मधे खांब आहे हे पाण्याला कळणारसुद्धा नाही," टेंबेसाहेब सांगत होते.

जीप थांबली. मुख्य अभियंता उतरले, चष्मा पुसला आणि पुन्हा खांबाकडे बघितलं.

जोतीराम पळत आला. "साहेब, एक इंच हललं न्हाय! फूट-फूट मोजून समदे कोपरे काढले. तीन सुतार पळून गेले, पर कागदावर हाय तसंच केलं."

खांबाच्या अंगावर वरपासून पाण्यापर्यंत कोपरेच कोपरे होते. चनबसप्पाने पिशवीतून टोपलीतला तो जुना कागद काढला, सुलटा केला आणि नदीशी ताडून पाहिला. चौदाच्या चौदा भोवरे जागेवर होते.

"हा नकाशा कोणाचा?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

टेंबेसाहेबांनी खिशातून हात काढला आणि चनबसप्पाकडे बोट केलं.

जोतीरामने कागद उलगडला. कोपऱ्यात एकच सही होती. शेजारची जागा ब्लेडने खरवडून अगदी स्वच्छ केलेली होती.