न चाखता

श्रियाने पाकीट पाठीमागे लपवलं, पण त्यावरचं ‘बीफ’ मनोरमाबाईंचं वाचून झालं होतं. गुडघा ठणकायला लागला म्हणून नवऱ्याला, नानासाहेबांना, समुद्राकाठच्या बाकावर सोडून त्या आज फिरणं अर्धवट टाकून परतल्या होत्या. घरी नात कढई तापवत उभी असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“आजी, आय कॅन एक्स्प्लेन,” श्रिया म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते बहुतेक इंग्रजीच. शाळेत कुकिंगच्या तासाला शिकवलेल्या नूडल्स तिला घरी करून बघायच्या होत्या. “प्लीज, डोन्ट टेल बाबा.”

बाबा म्हणजे मकरंद, मनोरमाबाईंचा मुलगा. आई-वडील इकडे परदेशात, टौरंगाला यायच्या आधीच त्याने घरात हे मांस आणणं बंद केलं होतं. मनोरमाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण न कळायला काय झालं? फ्रिज उघडताना सून आधी त्यांच्याकडे बघून घ्यायची. त्यांच्या हातचं पिठलं तळाला लागलं तरी सगळे एका सुरात ‘छान झालंय’ म्हणायचे. एवढी अदब माणूस परक्यांशी करतो. अर्धा मुक्काम सरला तरी पोटच्या मुलाच्या घरात त्या पाहुण्याच होत्या, आणि हे त्यांच्या मनाला फार लागायचं.

कढईतून धूर यायला लागला. श्रियाने घाबरून सगळं मांस एकदम आत लोटलं. चर्र आवाज झाला आणि लगेच बसला. मांसाला पाणी सुटलं आणि त्या पाण्यात ते करडं पडून रटरटायला लागलं.

“इट्स रुइन्ड,” श्रिया रडवेली झाली.

मनोरमाबाईंना तिथून निघून जाता आलं असतं. खोलीत जाऊन जपाची माळ ओढता आली असती. पण चुलीवर काहीतरी बिघडतंय आणि आपण हाताची घडी घालून बघतोय, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

“एवढं एकदम टाकतात का गं? भेंडीसुद्धा अशी लोटली की चिकट होते,” त्या म्हणाल्या. “निम्मं बाहेर काढ. आच मोठी कर.”

श्रिया बघतच राहिली. तेवढ्यात आजीने पदर खोचला आणि तिच्या हातातलं उलथनं घेतलं.

पाणी आटलं, कडा लालसर झाल्या. मग राहिलेलं निम्मं परतलं. आलं-लसणाचा वास ओळखीचा होता. त्याखाली आणखी एक वास होता, त्याच्याकडे मनोरमाबाईंनी लक्ष दिलं नाही. श्रियाने सिमला मिरचीचे लांब काप टाकले, बाटलीतला काळा सॉस ओतला आणि एकदम थबकली.

“आजी, यू कान्ट टेस्ट इट!”

“नैवेद्य कुठे कुणी चाखून करतं? देवाच्या आधी तोंड लावायचं नसतं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “अख्खा जन्म अंदाजाने मीठ घालतेय. एकदा चुकलं नाही.”

श्रिया सिंकपाशी नूडल्स निथळायला वळली, तेव्हा त्यांनी सवयीने मिठाचा डबा उघडला आणि तीन बोटांत आलं तेवढं मीठ भुरभुरवलं.

श्रियाने पहिला घास खाल्ला. “यम, आजी!” असं म्हणून ती लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायली. ‘हीसुद्धा छानच म्हणणार,’ मनोरमाबाईंच्या मनात आलं आणि त्यांचा उत्साह जरा ओसरला.

एवढ्यात मकरंद ऑफिसातून आला. घडीचा मोबाइल मिटता मिटता त्याने वास घेतला, कचऱ्याच्या डब्यातलं पाकीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“श्रिया! आजी-आजोबा असेपर्यंत नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“तिला ओरडू नकोस,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मी केलंय.”

“तू? आई, ते काय आहे माहीत आहे तुला?”

“मला वाचता येतं. हात धुऊन ये.”

हात धुऊन येईपर्यंत त्याच्यासमोर नूडल्सचा बाऊल आला होता. तो नुसताच त्यात बघत बसला. मग हळूच म्हणाला, “तुला काही वाटत नाही?”

“वाटतं की. पण फ्रिज उघडताना तुम्ही सगळे माझं तोंड बघता ना, त्याचं जास्त वाटतं.”

मकरंदने खाली मान घालून घास घेतला. मनोरमाबाई समोरच्या खुर्चीत टेकल्या.

“कसं झालंय?”

“छा...” त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. आईकडे नीट बघितलं. “आई, खारट झालंय. बरंच खारट. त्या सॉसमध्येच मीठ असतं गं.”

“हीप्स खारट! खूप खूप!” श्रियाने टेबलावर हात आपटला. “मी तर दोन ग्लास पाणी प्यायले!”

“आणि मघाशी यम कोण म्हणत होतं?”

“आय वॉज बीइंग पोलाइट, आजी.”

मनोरमाबाई हसायला लागल्या. पोरगा तोंडावर नावं ठेवत होता, नात त्याला साथ देत होती, आणि टौरंगाला आल्यापासून त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एवढं खारट आहे तर ठेव बाजूला,” त्या म्हणाल्या. “तुला भाकरी टाकते.”

“खारट आहेच,” असं म्हणत मकरंदने रिकामा बाऊल त्यांच्यापुढे धरला. “वाढ अजून.”