कंपनीने दिली तशी

"एक आटा ढिला सोड," खाटेवरून सुरय्याबी म्हणाली. "खर्ड्याच्या वाटेवर बंद पडू दे. त्या मानसाला जरा घाम फुटू दे."

तिचा मुलगा फक्रुद्दीन गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरला होता. गाडी अमेरिकेची, तनखे बंद झाल्यावर एका संस्थानिकाने विकायला काढलेली. तिच्यात कंपनीनेच बसवलेलं एअरकंडिशनर होतं, पण दहा वर्षांत त्याने साधी फुंकरही मारली नव्हती. आबासाहेबांनी ती घेतली, ती दुष्काळात टँकर वाटायच्या कमिटीचे अध्यक्ष झाल्यावर. लोकांसाठी फार वणवण करावी लागते, असं ते सांगत. नगरात हे काम जमेल असा माणूस एकच, बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री फक्रुद्दीन. हा खर्ड्याचा, हे आबासाहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

फक्रुद्दीनला मात्र सगळं तारीखवार पाठ होतं. आषाढात खर्ड्याचा टँकर आबासाहेबांच्या मोसंबीच्या बागेकडे वळला. सुरय्याबी झऱ्याचं पाणी वाटीने भरायला आटलेल्या विहिरीत उतरली, पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं; तेव्हापासून ती नगरात त्याच्याकडे खाटेवर होती. मग गावच्या बाया बायडाबाईला पुढे घालून बंगल्यावर गेल्या. फक्रुद्दीन मागे उभा होता. आबासाहेब झोपाळ्यावर बसून मोसंबी सोलत होते.

"पाणी?" ते म्हणाले. "आता काय हवेतून काढून देऊ?"

झोपाळ्याभोवतीची माणसं हसली. किती हसली, ते फक्रुद्दीनने मोजून ठेवलं. सात.

पंधरा दिवस तो गाडीत खपला. गॅस मुंबईहून आणला, नळ्यांना डाख दिले, पट्टा नवा घातला. डिकीच्या तळाशी एक रबरी नळी निघाली. खाली चाकापाशी उघडणारी, पण कुणीतरी चिंधीचा बोळा कोंबून बंद केलेली. ती बघून त्याने हात पुसले. मग उठला आणि तडक बंगल्यावर गेला.

"साहेब, खाली एक नळी बुजवलीय. उघडू, का राहू दे?"

"मिस्त्री, कंपनीने दिली तशी गाडी पाहिजे मला. यात विचारायचं काय?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि पहिल्या फेरीला मला बरोबर न्या. काही लागलं तर जवळ असलेला बरा."

हा विचार आबासाहेबांना फारच आवडला.

"एकपन आटा ढिला न्हाई?" निघताना आईने विचारलं.

"एकपन न्हाई, अम्मा."

सुरय्याबीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्याच पोटचा, आन त्याला वारा घालतोय."

भाद्रपद होता. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. हवा अशी दमट, की सदरा पाठीला चिकटावा. गाडीत मात्र आबासाहेबांनी जामखेडच्या अलीकडेच उपरणं कानाला गुंडाळलं. खर्ड्यात किल्ल्याखाली सभा होती. उतरताना ते ड्रायव्हरला म्हणाले, "मच्छिंद्र, इंजिन बंद करू नको. परत बसताना गार लागली पाहिजे."

भाषण रंगात आलं. "आभाळात पाणी नाही, धरणात नाही, मग माझ्याकडे कुठून येणार? मीही तुमच्यासारखाच तहानलेला आहे!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतली बायडाबाई उठली. गाडीच्या मागच्या चाकापाशी जमीन भिजली होती. ती वाकली, बोट लावून बघितलं आणि हातातला तांब्या खाली सरकवला. टप. टप. टप. दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता सभा आबासाहेबांकडे पाठ करून गाडीमागे रांगेत उभी राहिली. तांब्या भरत आला.

"अहो बाई, काय चाललंय तिकडे?"

"तुमीच सांगा की," बायडाबाईने तांब्या उंच धरला. "आमची पोरं वाटीवाटीनं पितात, आन तुमी गाडीत टाकी लपवून हिंडता व्हय?"

"कसली टाकी? थेंब नाही गाडीत!" आबासाहेबांना आता खरंच घाम फुटला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "हा काय, मिस्त्रीच आहे! गाडी यानेच दुरुस्त केलीय. ये बाबा, वर ये. पाणी कुठून येतंय ते खरं खरं सांग यांना."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कर्णा फक्रुद्दीनपुढे केला.

फक्रुद्दीनने तो घेतला. घाई केली नाही. व्यासपीठावर बसलेली माणसं आधी मोजून घेतली. सातही हजर होती.

"हवेतून काढलंय," तो म्हणाला.