नरम पेडल

"दाबा," चाक काढलेल्या जागेत डोकं घालून फिरास म्हणाला.

गाडीत बसलेल्या हियामने ब्रेकचं पेडल दाबलं.

"तसंच धरा." त्याने पाना फिरवला. नळीतून ब्रेक ऑइल बाटलीत उतरलं. बुडबुडा मात्र एकही आला नाही. त्याने स्क्रू आवळला. "सोडा."

अक्रोडाखाली स्टूल टाकून हियामचे वडील अबू नबील भोपळ्याच्या बिया फोडत बसले होते. जुन्या मर्सिडीजला पुढे मोठ्या ब्रेक डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे दणकट कॅलिपर लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "बसवून ठेवलेत," फिरास आल्या आल्या ते म्हणाले होते. "फक्त हवा काढायची राहिलीय. तुझ्या मामाचं गॅरेज आहे ना? मग लाग कामाला."

मागणी घालायला आलेल्या मुलाच्या हातात पाना देणारा माणूस साऱ्या डोंगरात हा एकच. फिरासच्या आईने त्याला निघतानाच बजावलं होतं, "त्या घरातून चार मुलं हात हलवत परत आलीत. म्हातारा हट्टी आहे. तो म्हणेल त्याला हो म्हण, उलट बोलू नकोस. आणि काय प्यायला देतात ते बघ. कॉफी आली की होकार समज. सरबत आलं तर गुमान पी आणि घरी ये."

बॉनेटवर लिंबाच्या सरबताचा ग्लास होता. फिरासने त्याला अजून तोंड लावलं नव्हतं.

पण या घडीला त्याला सरबताची काळजी नव्हती. हवा काढायच्या स्क्रूचं तोंड जमिनीकडे होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला की असं होतं. हवा वर जाऊन बसते, स्क्रू राहतो खाली. मग दिवसभर पेडल मारलं तरी ती बाहेर येत नाही, आणि ब्रेक धड लागत नाहीत. मामाच्या गॅरेजात पहिल्याच वर्षी हीच चूक करून त्याने मनसोक्त शिव्या खाल्ल्या होत्या.

"काय रे, थांबलास का?"

"नाही काका, बघत होतो. छान बसवलेत."

"छानच असणार. आयुष्यभर ट्रक चालवलाय मी."

शेजारच्या गच्चीवर उम्म सलीमने वाळत घातलेल्या चादरीआडून डोकं काढलं. "अबू नबील, पुन्हा ब्रेक?"

"तुम्ही तुमच्या चादरी बघा!" अबू नबील खेकसले.

कॅलिपर कोरे करकरीत होते, पण बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडेच ओरखडे होते. म्हाताऱ्याचा हात थरथरत असणार, फिरासला वाटलं. त्याला कीव आली आणि बोलणं आणखीच अवघड झालं.

दोन्ही बाजू झाल्या. चाकं चढली, गाडी जमिनीवर आली.

"पेडल कसं वाटतंय?" त्याने हियामला विचारलं.

"तुम्हीच बसून बघा की." ती खाली उतरली. तिच्या नखांत काळी रेघ होती. अक्रोड सोलायचे दिवस, साऱ्या गावाचेच हात काळे. "उद्या सकाळी मला हीच घेऊन खाली हॉस्पिटलला जायचंय. म्हणून म्हणतेय."

फिरासने पेडल दाबलं. पाय ओल्या कणकेत रुतावा तसा खाली गेला. खाली हॉस्पिटलपर्यंतचा सगळा रस्ता उताराचा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी.

"कडक आहे ना?" अबू नबीलनी विचारलं.

त्याने हियामकडे पाहिलं. गेल्या वर्षी एका लग्नात तिने त्याला, तुम्हाला नाचता येत नाही, असं चारचौघांत सांगितलं होतं. तेव्हापासून दुसरी मुलगी त्याच्या मनात आली नव्हती.

"कडक आहे, काका."

"मग जाऊ ना उद्या?" हियाम म्हणाली.

"बिनधास्त."

तिने बॉनेटवरचा ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या प्यायला.

परतताना त्याने मनाशी सगळं जुळवलं. संध्याकाळी हियामला फोन करायचा, काहीतरी निमित्त काढून उद्या बसने जायला सांगायचं. म्हाताऱ्याचा मानही राहील आणि पोरगीही सुखरूप राहील. पहिल्या वळणावर समोरून मिनीबस आली, तसा त्याने ब्रेक मारला. त्याची गाडी जागच्या जागी उभी राहिली.

तो तसाच बसून राहिला. फोन लागला नाही तर? तिने आज संध्याकाळीच गाडी बाहेर काढली तर? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली. सोयरीक गेली खड्ड्यात, असं मोठ्याने म्हणून त्याने गाडी वळवली.

"काका!" फाटकातूनच तो ओरडला. "कॅलिपर उलटे लागलेत! पेडल एकदम नरम आहे, मी खोटं बोललो. मला मुलगी देऊ नका हवं तर, पण तिला ही गाडी देऊ नका!"

कोणी दचकलं नाही. मर्सिडीज पुन्हा जॅकवर होती आणि पुढचं चाक काढून झाडाला टेकवलेलं होतं. गाडीमागून हियाम उठून उभी राहिली. तिच्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात सुटा केलेला कॅलिपर.

"माहितीय," ती म्हणाली. "दर वेळी मीच उलटे बसवते."

अबू नबीलनी मांडीवरची टरफलं झटकली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सुआद, कॉफी चढव! एक परत आला!"