एकोणीस खुर्च्यांचा वर्ग

“यातल्या एकाला उठावं लागेल,” डीन कर्टिस वेंडलंड दारातूनच म्हणाला.

तिथवर पोचायला त्याला कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसलेल्या सात पोरापोरींचे पाय ओलांडावे लागले होते. त्यांना या वर्गात जागा मिळाली नव्हती, म्हणून ती बाहेर बसून ऐकत. आयरीन कोवाल्स्की शिकवताना दार मुद्दाम उघडं ठेवायची.

आयरीनने खडू खाली ठेवला. वेदरली कॉलेजात तर्कशास्त्र शिकवता शिकवता ती म्हातारी झाली होती. हे तिचं शेवटचं सत्र. नाताळात ती निवृत्त होणार होती.

“कुणाला उठवू?” तिने विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. पटावर वीस नावं आहेत. संध्याकाळी पाचला पट बंद होतो आणि आकडे कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्यांकडे जातात. एकोणीसपर्यंत वर्ग त्यांच्या लेखी लहान. वीस झाले की संपलं.”

हे वर्गात सगळ्यांनाच ठाऊक होतं. लहान वर्ग जितके जास्त, तितका कॉलेजचा क्रमांक वर. कॉलेजच्या फाटकावर मोठा कापडी फलक होता. देशातल्या पहिल्या शंभर लिबरल आर्ट्स कॉलेजांत आपण आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. यंदा क्रमांक अठ्ठ्याण्णववर आला होता. अजून जरा घसरलं की फलक उतरवावा लागणार होता. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान वर्गांच्या प्रत्येक खोलीतली विसावी खुर्ची उचलून तळघरात नेऊन ठेवली होती.

विसावी मुलगी, डार्सी हॉफस्टेटर, त्यामुळे खिडकीखालच्या हीटरवर बसायची. सप्टेंबर होता, हीटर अजून थंड होता. सकाळभर ती गावातल्या बेकरीत डोनट तळायची. तिच्या स्वेटरला साखरेचा वास असायचा. पदवीला हव्या असलेल्या विषयांपैकी दुपारचा असा हा एकच वर्ग होता. तो गेला तर मे महिन्यात पदवी नव्हती.

“सगळ्यांत शेवटी नाव कुणाचं लागलं?” डीनने विचारलं.

कुणीच वर बघेना. डार्सीने स्वतःच हात वर केला. “माझं, सर. पण प्रोफेसरांनी प्रवेशाच्या स्लिपवर सही केलीय.”

डीनची अडचण हीच होती. स्लिपवर शिकवणाऱ्याची सही झाली की ते नाव फक्त शिकवणाराच काढू शकत असे. कॉलेजचा तो जुना नियम होता. नाहीतर त्याने हे काम ऑफिसात बसूनच उरकलं असतं.

“आयरीन, जरा बाहेर येता का?”

“इथंच बोल. ही पोरं वाद ऐकायलाच तर बसलीत.”

वर्ग हसला. डीनची मान लाल झाली. तो काही वाईट माणूस नव्हता. तो आत आला आणि आवाज खाली आणून बोलला. “तुम्ही नाताळात घरी जाल. मागे आम्ही राहणार. अर्ज कमी आले म्हणून गेल्या वर्षी संगीत विभाग बंद केला. ते तुम्हालाही लागलं होतं. पोरांचे आईबाप आधी क्रमांक बघतात, मग बाकीचं.”

“आणि क्रमांक बघून आलेल्या पोरीला मी दारातून परत पाठवू?”

“मी काही क्रमांक बघून आले नव्हते,” डार्सी म्हणाली. “बेकरी जवळ होती म्हणून आले.”

या वेळी बाहेरची पोरंही हसली. डीन हसला नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं. “एक नाव, आयरीन. फक्त एक नाव काढा. बाकीच्या एकोणीस जणांचं काहीच बिघडत नाही.”

आयरीन डार्सीकडे बघत राहिली. वर्गात कुणी अडलं की ती अशीच बघत राहायची. उत्तर सांगायची नाही.

डार्सी हीटरवरून उतरली. “सर, एक विचारू? आम्ही वीस राहिलो तर काय होतं?”

“सांगितलं ना. लहान वर्गांत तुमची मोजणी होत नाही.”

“आणि एकवीस झालो तर?”

“तेच.”

“म्हणजे आणखी खाली नाही जात?”

“नाही,” डीन वैतागून म्हणाला. “वीस ते एकोणतीस सगळे एकाच खणात. एकदा पडलं की वीस काय आणि एकोणतीस काय, त्यांना सारखंच.”

“पुन्हा सांग, कर्टिस,” आयरीन म्हणाली. “सावकाश सांग.”

आपण काय बोलून गेलो, ते आता डीनच्या ध्यानात आलं. बाहेर फरशीवर बूट घासल्याचे आवाज झाले. कॉरिडॉरमधली सगळी पोरं उठून उभी राहिली होती.

“स्लिपा आणल्यात का रे?” आयरीनने दाराकडे बघून विचारलं.

त्या त्यांच्याजवळ रोजच असायच्या. कुणाची पुस्तकात होती, कुणाची चुरगळून खिशात. एकेक जण आत आला आणि स्लिप टेबलावर ठेवत गेला. आयरीन उभ्या उभ्याच सह्या करत होती.

“प्रोफेसर, बसू कुठं?” शेवटच्या मुलाने विचारलं.

“जमिनीवर. सवय आहे तुम्हाला.”

तिने पेनाला टोपण लावलं. मग खडू उचलला आणि फळ्याकडे वळायच्या आधी डीनकडे बघितलं.

“सत्तावीस झाले, कर्टिस. तुझ्याच हिशेबाने अजून दोन जागा उरतात. बसतोस?”