कापलेला खोकला

काचेपलीकडे ताई वाचायच्या थांबल्या, त्यांनी पान उलटलं, आणि रेकॉर्डिस्टला हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. पण त्या खोलीला फट नव्हती. भिंतींना जाड फोम, दाराला रबर. बाहेरून ट्रक गेला तरी आत कळायचं नाही.

"ताई, एक मिनिट. आत काही चालू राहिलंय का? पंखा वगैरे?"

"पंखा कुठला? घामाने भिजलेय मी."

त्याने केबल बदलली, माइक बदलला. ताईंना बाहेर बसवून रिकामी खोली दोन मिनिटं रेकॉर्ड केली. काहीच नाही. मग ताई पुन्हा आत गेल्या, खुर्चीत टेकल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. शिट्टी आली. थांबली. आली.

शिट्टी श्वासाच्या तालावर येत होती.

"मशीनचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "तुम्ही चहा घेऊन या, तोवर बघतो."

दहा वर्षं ताई मुलांसाठी गोष्टी वाचत होत्या. प्रत्येक भागाची सुरुवात त्या एकाच वाक्याने करायच्या: 'चला, पांघरुणात शिरा, दिवा बारीक करा आणि कान माझ्याकडे द्या, कारण आजची गोष्ट फार लांबची आहे.' त्याने या वर्षातल्या सगळ्या भागांमधलं ते वाक्य उचललं आणि एकापुढे एक लावलं. जानेवारीत ताईंनी ते एका श्वासात म्हटलं होतं. मे महिन्यात मध्ये एकदा श्वास घेतला होता. काल तीनदा. ऐकताना वाटत होतं, हेच वाक्य म्हणत कोणीतरी जिना चढतंय आणि मजला काही येत नाही.

मग त्याला खोकल्यांची आठवण झाली. रोजच्या रेकॉर्डिंगमधून तो ते काढून टाकायचा. काढलेला प्रत्येक तुकडा मशीन एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवून द्यायचं. त्याने फोल्डर उघडलं. चारशे अकरा तुकडे. पहिला मार्चमधला, आता ऑक्टोबर चालू होता. त्याने ते ओळीने लावले. सुरुवातीचे कोरडे, चुकून आल्यासारखे. पुढचे खोलवरून, ओले. हे सगळे त्यानेच कापले होते आणि त्या जागी शांतता चिकटवली होती. इतक्या सफाईने, की जोड कोणाला सापडू नये. त्यालाही सापडली नव्हती.

ताई आल्या तेव्हा त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. त्या ऐकत राहिल्या. शेवटी शेवटी त्यांनी विचारलं, "ही कोण रे?"

"तुम्ही. कालच्या."

त्यांनी हेडफोन काढले. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापाशी गेलं होतं, ते पुन्हा खाली ओढलं.

"धूळ असते. वयही झालंय आता."

"ताई, खोकताना रक्त पडतं?"

त्यांनी पर्सची चेन लावून टाकली. "एवढंसं. दोनदाच. मला वाटलं, हिरडीतून आलं."

"घरी सांगितलंत?"

"ह्यांना? घर डोक्यावर घेतील."

त्याने मशीन बंद केलं. "चला. उद्या नाही, आत्ता."

रेकॉर्डिस्टने फोन केल्यावर ताईंचे यजमान परस्पर दवाखान्यात आले आणि दारापाशीच उभे राहिले. डॉक्टरबाईंनी पाठीवर नळी फिरवली. डाव्या बाजूला, वर, एका जागी ती बराच वेळ थांबली.

"खोकला कधीपासून आहे?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस," ताई म्हणाल्या.

"सात महिने," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. "तुम्ही मुलगा का?"

"नाही. मी तो कापत होतो."

त्याने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तीन आठवडे झाले की दाखवायचं असतं," एवढंच म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "सिगरेट?"

"कधी हातसुद्धा लावला नाही," ताई म्हणाल्या.

"घरात कोणी?"

यजमान दारातून म्हणाले, "मी गॅलरीत ओढतो. तीस वर्षं झाली." मग जरा थांबून, "पावसापाण्याचा आत."

एक्स-रेमध्ये डाग दिसला, पुढच्या तपासण्यांत कॅन्सर निघाला. गाठ श्वासनळीच्या एका फांदीत बसली होती आणि हवा तिच्या कडेने वाट काढत होती. तीच शिट्टी. पण गाठ अजून तिथेच होती, बाहेर पसरली नव्हती. डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. आणखी काही महिने गेले असते तर आमच्या हातात फारसं उरलं नसतं, असं सर्जन म्हणाले.

ताई घरी आल्यावर चार दिवसांनी यजमान एकटेच स्टुडिओत आले.

"ती झोपलीये," ते म्हणाले. "तिला जे ऐकवलंत, ते मला ऐकवा."

रेकॉर्डिस्टने त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि दार लावून घेतलं. यजमानांनी सगळं ऐकलं, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. मध्येच त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

मग समोरच्या माइकजवळ वाकून ते सावकाश बोलले.

"एका घरात राहून मला हे ऐकू कसं आलं नाही, याचाच विचार करत होतो."

आत त्या खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"घरी खोकला माझाच मोठा असतो."