आणि पार्टी

"आई, कार्यक्रमात तू म्यूटवरच राहा," धम्मपाल म्हणाला. "तुझा आवाज उशिरा पोचतो. सगळा गोंधळ होतो."

गयाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने माउसवरचा हात काढला. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी उशिरा येता असं म्हटलं नव्हतं. शाहीर राजानंदांची ओळ संपायची आणि गयाबाई ती उचलायच्या, मध्ये सुईसुद्धा शिरायची नाही. आणि आज पोटचा पोरगा, तोही कॉम्प्युटरवाला, त्यांना लय शिकवत होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं या जयंतीचं चाललं होतं. सुनेच्या बाळंतपणासाठी गयाबाई फेब्रुवारीत हॉलंडमधल्या न्यूनेन गावी आल्या. मार्चअखेरचं परतीचं तिकीट होतं, तर करोनामुळे विमानंच बंद झाली. बायको इथे अडकली, नवरा अकोल्यात. मग इथल्या मंडळींनी ठरवलं, यंदा भीमजयंती ऑनलाइन करू. शाहीर अकोल्याहून गातील, काकू न्यूनेनहून कोरस देतील. बोलायला काय जातं. सकाळपासून तालीम चालली होती आणि दर वेळी शाहीर पुढच्या ओळीवर गेले की गयाबाईंची मागची ओळ तिकडे उगवायची. रॉटरडॅमहून कार्यक्रम चालवणारा केतन समजूत काढायचा, "काकू, नेटचा लॅग आहे. तुमची काही चूक नाही." चूक नाही म्हणायचं आणि आवाज मात्र त्यांचाच बंद करायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"आणि कोरस नसला तरी चालतं गं," धम्मपाल म्हणाला. "लोक बाबांना ऐकायला येतात."

यावर गयाबाईंकडे सांगण्यासारखं होतं, पण पोराला सांगण्यासारखं नव्हतं. गावोगावच्या पोस्टरांवर 'शाहीर राजानंद आणि पार्टी' असं छापलेलं असे. गयाबाई त्या 'आणि पार्टी'त. कर्ण्यांची तोंडं लोकांकडे, शाहीर माइकपुढे, गयाबाई त्यांच्या पाठीशी. गेली काही वर्षं वरच्या पट्टीत शाहिरांचा दम तुटायचा. नेमक्या त्या जागी गयाबाई मागून आवाज चढवायच्या आणि तुटलेलं झाकून टाकायच्या. टाळ्या शाहिरांना पडायच्या. आपला गळा अजून तसाच आहे असं शाहिरांनाही वाटायचं, आणि गयाबाई ते तसंच वाटू द्यायच्या. आज त्यांना म्यूट केलं, तर आज म्हणायच्या तळ्याच्या पाण्याच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यालाच त्यांच्या नवऱ्याची दहा देशांतल्या लोकांपुढे फजिती होणार होती.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर चौकटीच चौकटी. भाषण करणारे आधी "माझा आवाज येतोय का" विचारत, आणि आला की थांबायचं नाव घेत नसत. शेवटी एकदाचे शाहीर आले. निळा फेटा, पुढ्यात पेटी, मागे घरातलं कपाट. धम्मपालचा हात माउसकडे सरकला.

"हात लावशील तर बघ," गयाबाई म्हणाल्या.

त्यांचा वैताग आता टोकाला गेला होता, आणि टोकाला गेल्यावर त्यांना साधी गोष्ट सुचली. आवाज उशिरा पोचतो ना, मग तो आधी धाडायचा. पाहुणे सातला जेवायला हवे असतील तर त्यांना साडेसहा सांगायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं? कानात येत होता तो शाहिरांचा आवाज शिळा होता. शिळ्यामागे गेलं की आपलं आणखी शिळं होणार. तेव्हा ऐकायचंच नाही.

शाहिरांनी मुखडा धरला. गयाबाईंनी लय पकडली, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. पडद्यावरचे शाहिरांचे ओठसुद्धा शिळेच होते, ते कशाला बघायचे. बोटांनी टेबलावर ताल धरून त्या थोड्या पुढूनच गाऊ लागल्या. शाहीर कुठे पोचले असतील हे कळायला त्यांची ओळही म्हणणं भाग होतं. आधी ती त्या पुटपुटत होत्या. पण पुटपुटून लय राहते होय? दुसऱ्या कडव्याला त्या दोन्ही ओळी मोकळ्या गळ्याने गात होत्या. शाहिरांचा पहाडी आवाज वर आहेच, आपला खाली झाकला जाईल, असा त्यांचा हिशेब. वरची जागा आली तेव्हा त्यांनी सगळा जीव ओतला. नवऱ्याची लाज राखायची तर कंजूषपणा करून चालणार नव्हतं. खाली रस्त्यावर एक डच बाई सायकल थांबवून खिडकीकडे बघत राहिली. गयाबाईंना तिचाही राग आला.

गाणं संपलं. त्यांनी खुर्ची फिरवली. पडद्यावर शाहीर पेटीवर हात ठेवून बसले होते. धम्मपाल उभा होता.

"जुळलं का रे?"

"आई," तो म्हणाला, "बाबा दुसऱ्या कडव्यापासून गायलेच नाहीत. ते नुसती पेटी वाजवत होते. तू एकटीच गात होतीस."

जे झाकायला एवढा आटापिटा केला, तेच उघडं पडलं. मग त्या भडकल्याच. हेडफोन कानाला लावून, सगळे ऐकतायत हे विसरून त्या म्हणाल्या, "अहो, गप्प का बसलात? दम तुटला तर तुटला, मी नव्हते का मागे? आजवर कुणाला कळू दिलंय का मी?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. शब्द अकोल्याला पोचेपर्यंत मध्ये जरा वेळ गेला. शाहिरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दम नव्हता तुटला," ते म्हणाले. "वरची जागा अजून यायची होती. जन्मभर तू माझ्या पाठीमागे उभी राहून गायलीस, गया. समोरून आज ऐकलं."