अर्धं लिंबू

मटण न धुता कोणी शिजवतं का? आबिदाने फ्रिज उघडला, जाळीवर उघडाच ठेवलेला दोन बोटं जाड तुकडा पाहिला आणि तिला कसंतरीच झालं. फलक लोणी आणायला खाली गेली होती. पोरीला तेवढीच मदत, म्हणून आबिदाने तुकडा नळाखाली धरला. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. तिसरं पाणी नितळ आलं तेव्हा कुठे तिचा जीव निवांत झाला.

फलक परत आली, पातेल्यातलं ओलंचिंब मांस पाहिलं आणि लोणी ओट्यावर ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीठ लावून रात्रभर कोरडं व्हायला ठेवलं होतं अम्मी, एवढंच म्हणाली. ओलं मांस तव्यावर भाजत नाही, आपल्याच पाण्यात उकडतं. दुसरा असा तुकडा आणायला आता वेळ नव्हता.

चार वाजता तिला फोन करायचा होता. गंगापूर धरणाकडच्या एका मोठ्या हॉटेलने तिला स्वयंपाकघरात घेतलं होतं. येते की नाही, ते आज सांगायचं. तिच्या बापाचं, निसारचं, आठ दिवस एकच चाललं होतं, नाही. त्याने तीस वर्षं सायखेड्याच्या बाजारात मटणाचं दुकान चालवलं. रोज घरी आला की आधी अर्धं लिंबू हातांवर चोळायचा, मगच लेकीला जवळ घ्यायचा. माझ्या हाताचा वास तिच्या हाताला लागू नये म्हणून तर शिकवलं, आणि ही शिकून-सवरून पुन्हा मांसच कापायला निघाली, असं त्याचं म्हणणं. शेवटी काल फलक म्हणाली, अब्बा, एकदा माझ्या हातचं खा, मग नाही म्हणा. त्यावर तो गप्प बसला होता, आणि त्याचं गप्प बसणं म्हणजे थोडीशी फट होती. आबिदा मदत करायला गेली आणि पोरीच्या मुळावर उठली.

बाहेर पलंगावर निसारला सगळं ऐकू गेलं असणार. तो आत आला. या माणसाने स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला होता, ते आबिदाला आठवेना. त्याने तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"मलमलचं फडकं दे," तो म्हणाला.

त्याने मांस पुसलं नाही. फडक्यात गुंडाळून दोन्ही तळव्यांनी दाबलं, फडकं बदललं, पुन्हा दाबलं. मग सुतळी ओवून खिडकीच्या गजाला टांगलं, टेबलफॅन समोर लावला आणि स्टूल ओढून माशा वारत बसला, दुकानात बसायचा तसाच. पाऊण तास गेला. फलकने तेवढ्यात गाजरं चिरली, फरसबीची टोकं काढली, छोटे बटाटे उकडले.

"लाव बोट."

फलकने बोट टेकवलं. चिकटलं नाही. मांसावर पातळ, कोरडा पापुद्रा आला होता. ती बापाकडे बघतच राहिली. हेच करायला आम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणाली.

"माझ्याकडं कुठं फ्रिज होता?"

आबिदाचा डोशाचा बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापला. फलकने पुन्हा मीठ लावून तुकडा वर सोडला आणि असा काही आवाज झाला की आबिदा दोन पावलं मागे सरली. तीस वर्षं तिने मटण शिजवलं, पण कुकरच्या शिट्ट्या मोजून. मांसाला स्वतःचा आवाज असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. सवयीने तिने झाकणी उचलली होती. फलकने न बघताच ती हातातून काढून घेतली. आवाज जरा बारीक झाला. "आता," निसार म्हणाला, आणि त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत फलकने तुकडा उलटलाही होता. मग लोणी, लसूण. शेवटी तिने अंगठ्याने मांस हलकेच दाबून पाहिलं. आबिदाने तो लगेच ओळखला. तो अंगठा निसारचा होता. कधी शिकवला नव्हता, कधी दाखवला नव्हता, तरी पोरीच्या हातात जसाच्या तसा उतरला होता.

तुकडा दहा मिनिटं ताटलीत नुसताच ठेवला. मग फलकने कापला. आत गुलाबी. आबिदाला वाटलं, आता हा ताट सरकवणार.

"रक्त नाही," निसार तिला म्हणाला. "रस आहे."

त्याने एक फोड खाल्ली, मग दुसरी. गाजरं, बटाटे खाल्ले, ताटलीतलं लोणी बोटाने पुसून घेतलं. आबिदानेही भीत भीत एक फोड तोंडात घातली. ना आलं, ना गरम मसाला, आणि तरी एवढी चव. या अल्ला, तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण हे मसाल्याखाली झाकत होतो.

फलक बेसिनपाशी गेली. साबण लावून हात धुतले, वास घेतला, पुन्हा साबण लावला. पावणेचार झाले होते. निसार उठला. टोपलीतून एक लिंबू घेतलं, मधोमध कापलं आणि अर्धं तिच्या ओल्या तळहातावर ठेवलं.

"साबणानं जात नाही तो," तो म्हणाला. "तिकडं रोज हेच लावत जा."